चूक झाकू नका, नोंदवा!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत लिहायचं म्हटलं की अजून हात अडखळतो. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर जरूर दाखवा, कारण मला लिहायचंय तेही चुका दाखवण्याबद्दलच.

गेल्या वर्षी आम्ही तिघांनी टेक-फेस्टच्या नोंदणीची साइट पीएचपीमध्ये बनवली. डेमोच्या आदल्या रात्री फॉर्म भरून पाहिला, तर 'धन्यवाद'च्या वर एक वॉर्निंग झळकली: 'मोबाइल नंबर' नावाची की सापडत नाही. एक सिनियर म्हणाला, "वरती एरर रिपोर्टिंग झीरो टाक आणि झोप." टाकलं. पान एकदम चकाचक! सकाळी सरांनी पाठ थोपटली.

खरं तर त्या एका ओळीत सगळं होतं. फॉर्ममधल्या रकान्याचं नाव होतं 'मोबाइल' आणि आमचा कोड शोधत होता 'मोबाइल नंबर'. म्हणजे एकाचाही नंबर सेव्ह होत नव्हता. ऐन वेळी हॉल दुपारी मिळेना, म्हणून रोबो रेस सकाळी घ्यावी लागली. कळवायला यादी उघडली, तर नंबरचा रकाना रिकामा! रात्रभर एसटीने आलेली दोन मुलं पोचली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. "एक फोन तरी करायचा," एवढंच ती म्हणाली. मला मान वर करता आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, पब्लिकला एरर दिसू द्यायच्या का? मुळीच नाही. त्यात फाइलचा पूर्ण पत्ता असतो, कधी डेटाबेसचा तपशीलही, आणि तो चोराच्याच कामाचा. पण न दाखवणं वेगळं आणि न मोजणं वेगळं. पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये यासाठी वेगवेगळ्या ओळी आहेत. 'एरर रिपोर्टिंग' ठरवते कोणत्या चुका मोजायच्या, 'डिस्प्ले एरर्स' ठरवते त्या स्क्रीनवर आणायच्या का, आणि 'लॉग एरर्स' ठरवते त्या फाइलमध्ये लिहायच्या का. रिपोर्टिंग झीरो केलं की लॉगमध्येही काही येत नाही. आमची चूक हीच.

आपल्या पीसीवर सगळं चालू ठेवा. सर्व्हरवर रिपोर्टिंग पूर्ण, डिस्प्ले बंद, लॉग चालू. आणि लॉगची फाइल वेब फोल्डरच्या बाहेर. बदल केला की सर्व्हर रीस्टार्ट करायला विसरू नका. पीएचपीसोबत डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन अशा दोन नमुना फाइली येतातच, त्या निदान वाचा. २०२० साली आलेल्या पीएचपी ८ पासून तर काही सेट केलं नाही तरी सगळ्या चुका मोजल्या जातात. आधी नोटीस गाळल्या जायच्या.

लॉग म्हणजे आपल्या हॉस्टेलची तक्रारवही. ती पाहुण्यांसाठी गेटवर टांगत नाहीत, पण म्हणून कुणी फाडूनही टाकत नाही. मात्र ती रोज कुणीतरी उघडायला हवी, नाहीतर वही असून नसल्यासारखीच.

सर आणि मॅडम, एक विनंती. प्रॅक्टिकलला स्वच्छ स्क्रीन बघून मार्क देता, तसं एकदा "लॉग उघड" असंही म्हणा. वॉर्निंग दिसली की मार्क जाणार असतील, तर आम्ही ती झाकायलाच शिकणार. मी शिकले होते.