हरणाराचें मोल

दर वर्षीं निकालाच्या दिवशीं शाळेच्या ओसरीवर पालक मंडळी जमते, आणि एकच प्रश्न चोहोंकडून ऐकूं येतो, "कितवा आला?" मुलगा काय शिकला, किती झटला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. नापास झाल्याच्या लाजेनें शाळा सोडलेलीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांपैकीं एकानें आपलीं पुस्तकें मुकाट्यानें आमच्या मेजावर आणून ठेवलीं, आणि आम्हीं त्यास थांबविलें नाहीं. ती खंत मनांत असल्यामुळें आज एका मुष्टियोद्ध्याची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरचा पीटर बक्ली हा १९८९ पासून २००८ पर्यंत मुष्टियुद्धावर पोट भरीत असे. तो एकंदर ३०० सामने लढला. पैकीं ३२ जिंकला, १२ बरोबरींत सुटले आणि २५६ हरला. हे आंकडे वाचून मुलांस हंसूं येईल. आम्हीही प्रथम हंसलों; परंतु त्या धंद्याची रीत समजल्यावर हंसणें थांबलें.

तिकडे लहान सभागृहांत जे सामने होतात, त्यांचीं तिकिटें बहुधा स्थानिक होतकरू तरुणाचे आप्तमित्र घेतात. त्यानेंच जिंकावें, अशी सर्वांची इच्छा असते. पण समोर कोणी उभा राहिल्यावांचून सामना होत नाहीं. त्यासाठीं जाणता व खंबीर गडी लागतो. अशा गड्यास तिकडे 'जर्नीमन' म्हणतात. पुष्कळदां त्यास आयत्या वेळीं बोलावणें येतें, आणि तो परगांवीं जाऊन परक्या गर्दीसमोर उभा राहतो. ठोसा खाऊन आडवा झाला, तर वैद्यकीय नियमानें कांहीं आठवडे त्यास लढतां येत नाहीं. म्हणजे तेवढी कमाई बुडाली. म्हणून अंग चोरणें, ठोसा चुकविणें, आणि हरूनही पायांवर उभें राहणें, हेंच त्याचें कसब. नसीम हमीद १९९५ सालीं जगज्जेता झाला. त्यापूर्वीं तो दोनदां ह्याच बक्लीशीं लढला होता. त्याच्या शिक्षणांत ह्या हरणाराचा वांटा नाहीं, असें कोण म्हणेल?

ननीटन गांवच्या क्रिश्चन लाइट ह्यानेंही ३०० सामने लढून २०१८ सालीं निवृत्ति घेतली. त्यांतील २७९ तो हरला. तरी लोकांनीं त्यास नांव दिलें होतें 'मिस्टर रिलायबल', म्हणजे भरंवशाचा माणूस.

मुलांनीं हा धंदा पत्करावा, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या प्रहारांनीं मेंदूस इजा होते, व तिचें फळ कित्येकदां फार वर्षांनीं दिसतें. एकाच्या जयासाठीं दुसऱ्याचें शरीर झिजविणारी ही रीत न्याय्य आहे, असेंही आम्हांस वाटत नाहीं. शिवाय, 'हरण्यांतच मोठेपणा आहे' असें म्हणून आळशी मुलानें ह्या गोष्टीचा आधार घेऊं नये. बक्ली तयारीवांचून रिंगणांत उतरता, तर त्यास ३०० सामने लढतांच आले नसते.

३१ ऑक्टोबर २००८ रोजीं बर्मिंगहॅम येथेंच त्याचा ३०० वा व अखेरचा सामना झाला, आणि तो त्यानें जिंकला. परंतु, विद्यार्थिमित्रहो, ह्या गोड शेवटासाठीं आम्हीं ही हकीकत सांगितली नाहीं. तो सामनाही तो हरला असता, तरी ठरल्या दिवशीं तो हजर होता व आपलें काम जाणत होता, हें खरेंच राहिलें असतें.

वर्गांत पहिला येणारा मुलगा इतर मुलें परीक्षेस बसलीं म्हणूनच पहिला येतो. तेव्हां पालकांस आमची विनंति इतकीच कीं, पुढच्या निकालाच्या दिवशीं 'कितवा आलास?' ह्याच्या आधीं 'यंदा काय शिकलास?' हें विचारावें. आणि ज्याचा नंबर खालचा असेल, त्यानें पुस्तकें परत आणून ठेवूं नयेत. जून महिन्यांत शाळा उघडेल, तेव्हां त्यानें आपल्या बांकावर येऊन बसावें. आम्ही त्याची वाट पाहूं.