मालकाच्या मुठीतला परवाना

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसवले. शेत गहाण टाकून मुलाला अभियंता केलेली घरे आता उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावीही आहेत. त्यांची चिंता खरी आहे. तिची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु यानिमित्ताने चाललेली सारी चर्चा शुल्क आणि कोटा यांभोवतीच फिरते. मूळ प्रश्न वेगळाच आहे. परदेशी काम करण्याचा परवाना कामगाराच्या हक्काचा, की मालकाच्या मर्जीचा?

तुलनेसाठी ऑस्ट्रेलियन व्यावसायिकाचे उदाहरण घेऊ. उभय देशांतील व्यापार करारापाठोपाठ २००५ साली अमेरिकेने त्याच्यासाठी ई-३ हा स्वतंत्र व्हिसा निर्माण केला. वर्षाला १०,५०० जागा. प्रचलित वेतन देण्याची हमी मालकाने अमेरिकी श्रमखात्याकडे नोंदवायची आणि ती घेऊन उमेदवाराने वकिलातीत मुलाखतीस जायचे. मुदत दोन वर्षांची, पण ती पुन्हा पुन्हा वाढवून मिळते. जोडीदारालाही नोकरी करता येते. उलट, बाकी जगासाठी एच-१बीचा वार्षिक कोटा ८५,००० चा, त्यासाठी सोडत, आणि मुक्काम सर्वसाधारणपणे सहा वर्षांचा. विद्या तीच, काम तेच. फरक केवळ पारपत्राचा.

तरीही त्या ऑस्ट्रेलियनाची दोरीसुद्धा मालकाच्याच हाती असते. नोकरी सुटली की त्याला आणि आपल्या अभियंत्याला सारखीच, फार तर साठ दिवसांची सवलत. तेवढ्यात नवा मालक मिळवावा, नाहीतर बिऱ्हाड आवरावे. मालक बदलण्यास कायद्याची बंदी नाही. पण नव्या मालकाने नव्याने कागदपत्रे केल्यावाचून ते घडत नाही. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की वेतन कागदावरच्या हमीने टिकत नाही, काम सोडून जाण्याच्या कामगाराच्या ताकदीने टिकते. ज्याला जाता येत नाही, त्याला बोलताही येत नाही.

म्हणूनच अमेरिकी कामगाराची तक्रार केवळ परदेशीद्वेष म्हणून झटकून टाकता येणार नाही. मजुरी पाडतो तो परका माणूस नव्हे. त्याचे बांधलेपण ती पाडते. लाख डॉलरच्या शुल्काने ही गाठ सुटत नाही. एवढी रक्कम मोजणारा मालक कामगाराला अधिकच घट्ट धरील.

आपल्या देशाला हा धडा नवा नाही. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात गिरमिट पद्धतीविरुद्ध ठराव मांडला. त्यांनी मजुरीत चार आण्यांची वाढ मागितली नाही. पद्धतच रद्द करा, असे म्हटले. सरकारने ठराव फेटाळला, पण १९१७ साली गिरमिटियांची भरती थांबवावीच लागली. आखातातील कफाला पद्धत याच कुळातली. कतारने २०२० साली जुन्या मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा दिली, ती जगभरच्या कामगार संघटनांच्या दबावानंतरच.

आणि दूर कशाला जावे? दसरा-दिवाळीनंतर पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांना मुकादमाची उचल फिटेपर्यंत दुसरा मालक नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. उचल मात्र उरली. अभियंत्याचे आणि ऊसतोड कामगाराचे हाल एकच, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे तोडणीच्या फडात बाळंत होणाऱ्या बाईची थट्टा ठरेल. पण दोघांच्या पायांतील गाठ एकाच जातीची आहे.

यास्तव आमची मागणी स्पष्ट आहे. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी करताना दिल्लीने केवळ जास्त जागा मागू नयेत. परवाना कामगाराच्या नावे असावा आणि नोकरी सुटल्यास त्याला पुरेसा अवधी मिळावा, हा आग्रह धरावा. मात्र तो धरण्याचा नैतिक अधिकार हवा असेल, तर उचलीपोटी माणूस अडकवून ठेवण्याची रीत आधी घरी मोडली पाहिजे. अभियंत्याचा बाप आणि ऊसतोड कामगार यांना एका सभेत शेजारी बसवणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. ते दुसरा कोणी करणार नाही.