काच पुसणारा पाहुणा
बार्शीत कुणाच्या दिवाणखान्यात फिश टँक असला, की त्याच्या काचेला तोंड चिकटवून बसलेला एक काळपट, ठिपक्याठिपक्यांचा मासा बहुधा दिसतोच. दुकानात तो ‘टँक क्लीनर’ म्हणून मिळतो, बोटभर लांबीचा. हा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. तोंड खालच्या बाजूला, ओठांची चकती आणि कंगव्यासारखे बारीक दात. त्यांनी तो शेवाळ खरवडतो. अशा निकस अन्नातून सत्त्व काढायचं, म्हणून आतडं भलतंच लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. पाण्यातला प्राणवायू कमी पडला, की वर येऊन हवा गिळतो आणि चक्क जठरातून श्वास घेतो! नर काठाच्या मातीत बीळ खोदून अंडी राखतो. हे सगळं कौतुकाचं, पण काचेच्या आत. बोटभराचा हातभर झाला, की लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडून ‘जीवदान’ देतात. पुण्य आपल्या पदरात, मासा दुसऱ्याच्या जाळ्यात. आता तो उजनी धरणात पोचलाय. त्याचे काटे जाळ्यात अडकतात, जाळं फाटतं, सोडवताना मच्छीमारांची बोटं कापतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. बार्शीच्या नळालाही उजनीचंच पाणी येतं. तेव्हा घरातला मासा टँकला जड झाला, तर दुकानदाराला परत द्या. ओढ्यात, तलावात मात्र सोडू नका.