वसाहतीच्या कुंपणाबाहेरच्यांनाही विचारा

संपादक महोदय,



महाड एमआयडीसीत एखाद्या रासायनिक कारखान्याने उत्पादन वाढवायचे ठरवले, तर बिरवाडी, जिते, आसनपोई या शेजारच्या गावांना त्यावर बोलायची हक्काची जागा कुठे आहे? एमआयडीसी हेच तिथले विशेष नियोजन प्राधिकरण. भूखंड कुणाला द्यायचा, रस्ता-नाला कुठून काढायचा, हे तिथेच ठरते. उरली पर्यावरणाची जनसुनावणी. पण २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना तिच्यातून सूट दिली आणि केंद्राने पुढे जुन्या वसाहतींसाठीही ही सूट कायम ठेवली. वसाहत आधीच मंजूर आहे, मग आतल्या प्रत्येक कारखान्यासाठी लोकांना पुन्हा का विचारायचे, असा युक्तिवाद. ‘पुन्हा’ कसले? जनसुनावणीची सक्तीच मुळी १९९७ साली आली. महाडची वसाहत त्याआधीची. म्हणजे पहिल्यांदा विचारलेच नाही आणि आता विचारायची गरज नाही!

महाडकरांना कागद आणि अंमल यांतला फरक निराळा सांगायला नको. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव फिरवला. उच्च न्यायालयाने हक्क मान्य करायला १९३७ साल उजाडले. ज्या गावाने पाण्यावरच्या हक्कासाठी एवढे पाहिले, त्याच्याच परिसरात नदीत काय सोडायचे हे ठरवताना नदीकाठच्यांना विचारू नये, हे कुठल्या न्यायाला धरून आहे?

अमेरिकेत वॉरेन काउंटीतल्या कृष्णवर्णीय वस्तीजवळ १९८२ मध्ये विषारी माती पुरायला आणली, तेव्हा लोक ट्रकपुढे आडवे पडले. माती शेवटी तिथेच पुरली गेली, पण ‘पर्यावरणीय न्याय’ ही मागणी तिथून जगभर पोचली. आपल्याकडे ती अजून चर्चासत्राच्या बाहेर यायची आहे.

‘लोकांना त्यातले काय कळते?’ असे अधिकारी खासगीत म्हणतात. काय कळते ते सांगतो. उग्र वास रात्री दीडच्या सुमारास येतो. तक्रार केली की पाहणीला माणूस सकाळी अकराला येतो, तोवर वाऱ्याने सगळे वाहून नेलेले असते. पहिल्या जोरदार पावसात नाल्याला रंग येतो, फेस येतो. कुठल्या वळणावर तो आधी दिसतो ते गुराख्याला ठाऊक असते. हे कुठल्या अहवालात आहे? जुलै २०२१ च्या महापुरानंतर सावित्री नदीतला गाळ आणि दासगावजवळ पाण्याला होणारा अडथळा यांवर महाडकरच हटून बसले. पाणी कुठे तुंबते हे त्यांनी घरात छातीभर पाण्यात उभे राहून पाहिले होते.

कारखाने हलवा, असे माझे म्हणणे नाही. आमच्या घराघरातली पोरे तिथे कंत्राटावर राबतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्याच एका औषध कारखान्याच्या आगीत ११ कामगारांचे प्राण गेले. कुंपणाच्या आतला धोका आणि बाहेरचा धोका शेवटी एकाच घरात येतो. म्हणून तर रोजगार हवा की हवा-पाणी हवे, असा प्रश्न आम्हाला कुणी टाकू नये. मुंबईत बसलेल्या मालकाला तो कुणी टाकत नाही.

राज्य सरकारने केंद्राकडे ही सूट रद्द करण्याचा आग्रह धरावा. तोवर निदान एमआयडीसीने वसाहतीच्या आराखड्यातला प्रत्येक बदल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रत्येक विस्ताराचा अर्ज शेजारच्या ग्रामसभांपुढे मराठीत ठेवावा, आणि ग्रामसभेची हरकत फेटाळली तर कारण लेखी द्यावे. हे करायला नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. फक्त वसाहतीला खेटून असलेली गावे बोलावून भागणार नाही. सांडपाणी जिकडे जाते त्या खाडीकाठचे भोई, कोळी, कातकरी यांनाही बोलवा. सभा अलिबागला नको, बिरवाडीत घ्या, आणि कारखान्यांची पाळी सुटल्यावर घ्या. खाडीवरच्या सभेची वेळ मात्र भरती-ओहोटी पाहून ठेवा, नाहीतर मच्छीमार जाळ्यावर आणि खुर्च्या रिकाम्या.

आपला,
एक वाचक, महाड