हातोडीवाल्यांनो, जरा थांबा!

जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकीचा स्क्रू अडकला की सल्ले ठरलेले: तापवा, ठोका. अरे, ट्रॅक्टर आहे का तो? नळ्यांमधली पट्टी बहुधा साध्या सोल्डरने बसवलेली असते. टॉर्च लावलात की सुटलीच. अ‍ॅक्शनवरचे केस-हार्डनिंगचे रंग उडतात ते वेगळंच. आणि दुकानातला निमुळता स्क्रूड्रायव्हर? खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतो, घसरतो आणि खाच खातो. सर्व्हरचा निदान बॅकअप तरी असतो. शंभर वर्षांपूर्वी हाताने घासून बसवलेल्या स्क्रूचा कुठून आणणार? बंदूक रिकामी आहे ना, ते आधी बघा. खाचेत तळापर्यंत घट्ट बसेल असं समांतर पातं घासून घ्या, झिरपणारं तेल सोडा, दोन दिवस जाऊ द्या. नाहीच हलला तर मुकाट्याने बंदुकीच्या कारागिराकडे द्या.