उडदाच्या रंगाची शिळा

सुश्रुताचार्यांच्या शस्त्रकर्माचा अभिमान आपण सारेच बाळगतो. त्यांची शस्त्रे धारदार कशी राहत, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाला पडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्याचे उत्तर आहे. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार टिकविण्यासाठी शाल्मलीची फळी वापरावी, असे तेथे सांगितले आहे. शस्त्राने केस कापला गेला, तरच ते कामाचे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात ती आजही बहरते. शिळेची ओळख मात्र पुसट झाली आहे.

या प्रदेशात मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ मध्ये बांबूविक्रीचा हक्क प्रत्यक्षात मिळविला. येथे कोयता हे चरितार्थाचे साधन आहे. बोथट कोयत्याने बांबू नीट तुटत नाही, चिरफाळतो. फाटलेल्या खुंटात पाणी साचून बेट कुजू लागते. पाते निसटून हातावर येते ते वेगळेच. बाजारात कार्बोरंडमची निसणी मिळतात. हा कृत्रिम पदार्थ १८९० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. त्याच्या नावातील ‘कोरंडम’ हा शब्द मात्र आपल्या कुरुंदावरून गेलेला. नाव आपले आणि माल परका! भरड कामाला ते निसणे उत्तम. अखेरचा हात फिरवायचा तर बारीक कणांचा, पाटीच्या दगडाच्या जातीचा दगडच हवा.

तो ओळखणे सोपे नाही. चंद्रपूरच्या पश्चिमेकडे शेल आणि चुनखडी विपुल आहे. दोन्ही करडे, थरांचे, सहज फसविणारे. खरा पाटीचा दगड ठोकला असता खणखणतो, शेल बद्द वाजतो. शेलवर श्वास सोडला की ओल्या मातीचा वास येतो आणि पाण्यात ठेवल्यास तो सुटू लागतो. चुनखडीवर तीव्र आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. मग नखाची परीक्षा: ओल्या दगडावर नख फिरविता कोठेही खर लागता कामा नये. सोनेरी ठिपके किंवा पांढरी शीर दिसली, तर तो दगड पाते बिघडविणार. एवढ्या कसोट्या उतरल्या तरी शेवटचा निवाडा पात्याचाच. पाणी घालून घासल्यावर रांधा काळसर झाला, म्हणजे दगड पोलाद कातू लागला. तो रंग न बदलल्यास दगड दिसायलाच देखणा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, टोपल्या विणणारा आहे, नाभिक आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्यही आहे. धार लावणाऱ्या शिकलगाराचे नाव मात्र स्वतंत्रपणे नाही. अवजार द्यायचे आणि त्याची धार राखणाऱ्याला विसरायचे, हे कसले नियोजन?

चिचपल्लीचे बांबू प्रशिक्षण केंद्र आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ यांनी हे काम हाती घ्यावे. गावोगावचे वृद्ध वनवासी बांधव ज्या दगडावर कोयता घासतात, तो दगड आधी पाहावा, त्याचे स्थानिक नाव टिपावे, मग प्रयोगशाळेत न्यावा. एक सावधगिरी आवश्यक आहे. स्लेट, शेल आणि कुरुंद २०१५ पासून गौण खनिजांत मोडतात. अनुसूचित क्षेत्रात अशा खाणपट्ट्यासाठी १९९६ च्या पेसा कायद्यानुसार ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची पूर्वशिफारस लागते. चांगला दगड सापडलाच, तर त्याची पहिली वार्ता ठेकेदाराला नव्हे, ग्रामसभेला मिळावी.