डोईवरचे वस्त्र आणि मागावरचे हात

आखाती देशांत पोटासाठी गेलेल्या वसई-विरारकराला अरब पुरुषांचे शिरोवस्त्र परिचित आहे. पांढरी घुत्रा, लाल-पांढऱ्या चौकडीचा शेमाग, वर काळा गोफ. उंची घुत्रा म्हणजे घट्ट पिळाच्या तलम सुताची वॉइल. स्वित्झर्लंडच्या वॉइलला धनिकांत मोठा मान. ओमानमधील उंची मुसार फेट्याची पश्मिना लोकर मात्र लडाखच्या चांगथांग पठारावरील बकऱ्यांची. ती काश्मीरच्या स्त्रिया चरख्यावर कातत आल्या. फेट्याच्या किमतीतला किती वाटा त्या चरख्यापर्यंत पोहोचतो?

मुळात हे वस्त्र ऊन-वाळूशी झुंजणाऱ्या कष्टकऱ्याचे. 1936 ते 1939 च्या पॅलेस्टाइनमधील उठावात ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारा शेतकरी कुफिया बांधून उतरला. शहरात तो कुफियावरून ओळखला जाऊ नये म्हणून 1938 मध्ये बंडाच्या नेत्यांनी शहरवासीयांनाही तुर्की टोपी उतरवून कुफिया बांधावयास लावली. गांधी टोपीने स्वराज्याची खूण होऊन साहेबी हॅटला आव्हान दिले, त्याच जातीची ही घटना. पुढे हेब्रॉनमध्ये 1961 साली सुरू झालेल्या कुफियाच्या कारखान्यातील बरेचसे माग 1990 नंतरच्या स्वस्त आयात मालापुढे थंडावले. खूण जगभर विकली गेली. ती विणणारा मागे पडला.

हा अनुभव आपल्याला परका आहे काय? 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि गिरणगावातील कित्येक कुटुंबे विरार-नालासोपाऱ्याकडे सरकली. कापड मात्र थांबले नाही. ते यंत्रमागांवर गेले. चिंचोटी-कामण रस्त्याच्या पलीकडे, भिवंडीत, विणकर बारा-बारा तासांच्या पाळीत मीटरच्या हिशेबाने राबतो. बहुतेकांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा.

कोणाच्याही पोशाखाशी आपले वैर नाही. वैर आहे ते वस्त्राला प्रतिष्ठा आणि विणकराला उपेक्षा देणाऱ्या व्यवस्थेशी. म्हणून भिवंडीच्या मागांवर आणि वसईच्या कपडे शिवणाऱ्या गाळ्यांत जाऊन हजेरीपुस्तक, किमान वेतन आणि आठ तासांचा दिवस यांची मागणी संघटित करणे, हेच कार्यकर्त्यांपुढील काम आहे. कापडाचा तलमपणा बोटांना कळतो. त्यामागचे श्रम समाजाला कळावयाचे तर ते संघटनेनेच सांगावे लागतील.